कासारणीचा उजवा हात

"आता कॅमेऱ्यात बघून कंपनीचे आभार माना," नेत्राने चौथ्यांदा सांगितलं.

इंदूताई कासार पुन्हा बांगड्यांचे जोड लावू लागल्या. अपघातात त्यांचा उजवा हात गेला, तेव्हा कृत्रिम हात बनवणाऱ्या या कंपनीने नवा हात बसवून दिला. त्याच्या जोरावर मिरजेतलं बांगड्यांचं दुकान पुन्हा उघडलं. तरी आभाराचे दोन शब्द तोंडातून निघत नव्हते. कंपनीच्या जाहिरातींसाठी गिऱ्हाइकांना कॅमेऱ्यापुढे बोलतं करण्यात दहा वर्षं घालवलेली नेत्रा आता वैतागली होती.

"बस इथे. मोकळे हात बरे दिसत नाहीत," असं म्हणत इंदूताईंनी तिचा पंजा त्या नव्या हाताने हलकेच दाबला. काचेच्या बांगड्या एकही न फुटता वर चढू लागल्या. मध्येच इंदूताईंचा नवा हात तिच्या बोटांवर थांबला.

"बोटं गार पडलीत गं तुझी. सकाळपासून उपाशी आहेस ना?"

त्या कृत्रिम हाताला गारवा कळला, म्हणून नेत्राने चमकून होकारार्थी मान हलवली. कॅमेरा चालूच होता.

"आभार परक्यांचे मानतात, पोरी. ज्यांनी हा हात घडवला, ते आता माझ्या घरचेच. त्यांच्यासाठी मी रोज देवापुढे हात जोडते. दोन्ही हात."