ईरण्णांची भिंत

रझाकार आले तर परसातूनच येणार, असं ईरण्णांनी एकट्यानंच ठरवलं आणि शेजारच्या सिद्धम्माकडची कमरेएवढी भिंत दीड पुरुष उंच करून घेतली. वर बाभळीचे काटे रोवले. त्यांची बायको नीला तान्ह्या लेकराला कडेवर घेऊन बघत होती.

"अहो, आणि ते पुढच्या दारानं आले, तर आपण पळायचं कुठून?"

"कॉलेजात हेच शिकलीस व्हय, पळायला?"

आठवडाही झाला नव्हता. भर दुपारी वेशीकडं धुळीचा लोट उठला. "आले, आले!" करत सगळी गल्ली परसांच्या बुटक्या भिंती ओलांडून ओढ्याकडं पळाली. पलीकडं सिद्धम्मा तेवढी थांबली होती. "नीलव्वा, लेकरू दे गं इकडं! हात वर केलाय म्या!"

"कसं देऊ अक्का? तुमचा हातच दिसत न्हाय!"

ईरण्णा घंगाळ पालथं घालून त्यावर चढले आणि पटका काट्यांना वाहून खाली आले.

धूळ मेंढरांची निघाली.

"भिंत उतरवू या का?" नीलानं विचारलं.

"उतरवायची? लोक काय म्हणतील!"

दुसऱ्या दिवशी गवंडी आला. भिंतीला चढायला आतून पायऱ्या झाल्या, उतरायला बाहेरून झाल्या, मधले काटे निघाले. उंची मात्र ईरण्णांनी बोटभरही कमी होऊ दिली नाही.

सिद्धम्मा पलीकडच्या पायऱ्या चढून आली, वरच टेकली आणि म्हणाली, "लई झ्याक केलंस बाबा. आता रझाकारांनाबी ठेच लागायची न्हाय."