पाण्यात पाहणारी सून

“आणि त्या बोटीचं तर नावसुद्धा काढू नका, आई,” सूनबाई बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाली. “रात्रभर पाण्यावर राहायचं, त्यात ही दोन चिल्लीपिल्ली. तुम्हाला या वयात नाही झेपायचं.”

आजी भिंतीकडे तोंड करून पलंगावर पडली होती. बोटीचं नाव तिनं काढलंच नव्हतं. आजोबा गेल्यापासून ती कशाचंच नाव काढत नसे. जेवणाचं ताट खोलीत यायचं आणि अर्धं तसंच परत जायचं. मुलाला कामासाठी महिनाभर परदेशात राहायचं होतं, म्हणून त्यानं सगळं बिऱ्हाडच इथे उचलून आणलं होतं. त्यात तीही आली, वळकटीसारखी.

“बोटीच्या सहलीचा कागद टेबलावर पडलाय. पोरं हट्ट करतील, तुम्ही सरळ नाही म्हणा. आम्ही उद्या रात्री येतोच. काही लागलं तर खाली घरमालकीण आहे.”

दार लागलं. मुलगा आणि सून शेजारच्या शहरात गेली.

नाही झेपायचं! आजी ताडकन उठून बसली. अख्खी नोकरी तिनं शाळेत खेळाच्या बाई म्हणून काढली होती. वर्गच्या वर्ग नावेत घालून नदीपलीकडे शिबिराला नेले होते, कुणाच्या गुडघ्यालासुद्धा खरचटलं नव्हतं. आणि ही कालची पोरगी तिला झेपण्याच्या गोष्टी सांगणार! सून आपल्याला पाण्यात पाहते हे तिला ठाऊकच होतं. मग बघ म्हणावं, पाण्यातच बघ.

“पोरांनो, उठा. बोटीवर जायचंय.”

आजीची साडी बदलून होते तोवर थोरली नात आणि धाकटा नातू दारात उभी होती. स्वेटर, टूथब्रश, रात्रीचे कपडे, सगळं पिशवीत भरलेलं. पोरगी माझ्यावर गेलीय, आजीला वाटलं.

“आईला यातलं काही कळता कामा नये.”

“नाही सांगणार. गळ्याशपथ,” थोरली म्हणाली. धाकट्यानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर तिनं त्याला कोपरखळी मारली.

घरमालकीण आडवी येणार, याची आजीला खात्री होती. तिनं तिला कागदावरचं बोटीचं चित्र दाखवलं आणि भांडायच्या तयारीनं कमरेवर हात ठेवले. घरमालकिणीनं एक शब्द न विचारता टॅक्सी बोलावली. नसत्या चांभारचौकशा न करणारी बाई पाहून आजीला परदेश पहिल्यांदाच आवडला.

धक्क्यावरही तेच. एकटी म्हातारी, बरोबर लहान मुलं, म्हणजे हुज्जत होणारच, असं धरून ती मोडक्यातोडक्या भाषेत जुळवाजुळव करत होती. पण तिकीटवाल्यानं दोन छोटी आणि एक मोठं अशी जीवरक्षक जाकिटं पुढे केली. जाकिटं बरोब्बर मापाची निघाली. आजीनं पाकीट काढलं, तर “उतरताना बघू” म्हणत त्यानं हात हलवला आणि खिडकीची, खालच्या बिछान्याची खोली उघडून दिली. माणसाला माणसाची पारख आहे, ती मनात म्हणाली.

बोट सुटली, नदी रुंदावली आणि डोलायला लागली. धाकटा हिरवापिवळा झाला. बघता बघता त्यानं आजीच्या साडीवरच सगळं ओकून काढलं आणि “आई पाहिजे” म्हणून भोकाड पसरलं.

शेजारची एक प्रवासी बाई नाक मुरडून काहीतरी पुटपुटली. भाषा कळली नाही तरी अर्थ कळला.

“माझी नातवंडं आहेत, तुमची नाहीत!” आजीनं तिला शुद्ध मराठीत सुनावलं. बाईनं मान फिरवली.

पण पोराला आणखी काही झालं असतं, तर सूनबाईचं म्हणणं खरं ठरलं असतं, आणि मग ती भिंत आजीला जन्माची पुरली असती. तिनं धाकट्याला उचलून वरच्या डेकवर नेलं, मोकळ्या वाऱ्यात उभं केलं.

“पायांकडे बघू नकोस. तो लांबचा किनारा दिसतो का? तिकडेच बघ. नाकानं श्वास घे. एक! सोड. दोन!”

सगळं मैदान जागच्या जागी थांबवणारा तो आवाज कित्येक महिन्यांनी तिच्या गळ्यातून निघाला होता. तिचं तिलाच नवल वाटलं. धाकट्याचं रडं थांबलं. थोरलीही शेजारी येऊन उभी राहिली आणि मोठमोठ्यानं श्वास मोजू लागली.

ऊन उतरत होतं. आजोबांना पाण्याची भीती, ते कधी नावेत बसले नाहीत. ते नसताना आपल्याला इतकं बरं वाटावं, याचा आजीला राग आला. मग रडू आलं. आणि मग सपाटून भूक लागली.

तिनं दोनदा वाढून घेतलं. थोरली स्वतःचं जेवण सोडून तिच्या ताटाकडे बघत होती.

“आजी, तू सगळं संपवलंस!”

“मग? टाकायला शिकवलंय का मी तुम्हाला?”

सकाळी बोट परतीला लागली तेव्हा दोन्ही पोरं ठणठणीत होती. गुपचूप घरी जाऊन पलंगावर पडलं असतं, तर कुणाला काही कळलं नसतं. पण चोरासारखं वागणं आजीच्या रक्तातच नव्हतं. तिनं फोन लावला.

“बोटीवरून बोलतेय. पोरांना घेऊन आलेय. धाकट्याला उलटी झाली, मी निभावलं. आता काय बोलायचंय ते बोल.”

पलीकडून सूनबाईचा आवाज आला, चिरकलेला. “आई! मी नाही म्हटलं होतं ना?”

“म्हटलं होतंस. तुझ्या नाकावर टिच्चून आले. पुढच्या आठवड्यात पुन्हा येणार आहे.”

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला. रागानं रडतेय, रडू दे. आजीनं जिंकल्याच्या थाटात फोन धाकट्याच्या कानाला लावला.

“घे, बोल तुझ्या आईशी. घाबरू नकोस, मी आहे.”

धाकटा मुळीच घाबरला नव्हता. सगळ्या डेकला ऐकू जाईल असा तो ओरडला, “आई, तू म्हणालीस तस्संच झालं! तू नाही म्हणालीस आणि आजी लग्गेच उठली! आता माझी सायकल?”