बर्फाच्या गाडीचा पत्रा

"त्यांना सांग, पत्र्यासाठी पाठवतोय त्या कागदावरचं माप पक्कं आहे," फोनवर राज म्हणाला.

सखुबाईनं रिसीव्हर छातीशी धरला आणि मागं वळून नवऱ्याला सांगितलं, "माप पक्कं हाय म्हणतोय."

"त्याला विचार, बर्फावर चालणाऱ्या गाडीला खालून पत्रा कशाला? बर्फ काय टोचतो का?" मोतीरामनं मान वर न करता विचारलं. हातातली कानस चालूच होती.

मनालीहून उत्तर आलं. "आई, बर्फ वरून मऊ दिसतो. खाली दगड असतात. थर पातळ झाला की बर्फावरच्या स्कूटरचं पोट फाटतं."

सखुबाई हसली. "आपल्या घरात उलटं हाय बघ. दगड वर, मऊ खाली."

मोतीरामला ते ऐकू आलं. त्यानं कानस जोरात चालवली.

पंचवटीतलं हे गॅरेज मोतीरामचं. पेठच्या घाटात धावणाऱ्या जीपा त्याच्याकडं यायच्या, आणि तो त्यांच्या इंजिनाखाली जाड पत्र्याचा चेंबर गार्ड बसवून द्यायचा. राज इथंच शिकला. मग एकदा गिऱ्हाइकांसमोर बापलेकांचं वाजलं. "चालता हो," बाप म्हणाला, आणि लेक खरंच चालता झाला. द्राक्षांच्या ट्रकवर बसून जो उत्तरेला गेला, तो तिकडंच पाहुण्यांना बर्फावर फिरवत राहिला. दोघांपैकी एकानं 'चुकलं' म्हटलं असतं, तर मधे एवढा बर्फ साचला नसता. पण मोतीरामच्या तोंडाला तो शब्द कधी शिवलाच नव्हता, आणि राज त्याचाच मुलगा. तेव्हापासून एकमेकांशी जे काही बोलायचं, ते दोघं सखुबाईच्या तोंडून बोलत.

राजनं पाठवलेला कागदाचा फर्मा, म्हणजे पत्र्याचा नमुना, टपालानं आला. हिंदी वर्तमानपत्रं एकावर एक चिकटवून, स्कूटरच्या पोटाला लावून, कडेकडेनं कापलेला. बोल्टांच्या जागी पेनानं गोल काढलेले. सखुबाईनं तो नाकाशी नेला. खळीचा वास होता, बाकी काही नाही. तरी तिनं तो बराच वेळ तसाच धरला. मग तांदूळ निवडायला बसली आणि आपल्याशीच गुणगुणली,

दूरच्या मुलखाला बर्फ पडे मऊ मऊ
माझ्या बाळाच्या वाटेला ऊन कुणासंगं देऊ

मोतीरामनं ॲल्युमिनियमचा पत्रा आणला. लाकडी हातोड्यानं तो असा वळवला, की पुढची कड होडीच्या नाकासारखी वर उठली. कडा घासून इतक्या मऊ केल्या, की गाल टेकावा. त्यानं ड्रिल मशीन हातात घेतल्यावर सखुबाई जवळ येऊन उभी राहिली.

"अहो, एक ऐका. भोकं जराशी इकडंतिकडं पाडा."

"का?"

"बसणार नाय पत्रा. मग घेऊन यावंच लागंल त्याला. तेवढ्या निमित्तानं तरी येईल."

मोतीरामनं मशीन खाली ठेवलं. "पत्रा सैल बसला न् दगडाला अडकला, तर गाडी उलटंल. गाडीवर कोण बसलाय, इसरलीस का?"

ती पदरानं तोंड पुसत आत गेली. भोकं पाडून झाल्यावर मोतीरामनं फर्मा पत्र्यावर ठेवला, आणि एकेका भोकातून खालून पेन्सिल घातली. ती प्रत्येक गोलाच्या बरोबर मधून गेली. आतल्या दारातून सखुबाई ते बघत होती. आपल्या माणसाच्या हाताचा एवढा राग तिला कधी आला नव्हता.

पार्सल गेलं. ती फोनच्या जवळपास वावरू लागली. भाजी निवडायची ती गॅरेजात, शेंगा सोलायच्या त्याही तिथंच.

फोन आला तेव्हा चिमाजी ड्रायव्हर आपली जीप घेऊन आलेला होता. आणखी दोघं-तिघं चहा पीत बसलेले.

"आई, पत्रा मिळाला," राज म्हणाला आणि थांबला. "त्यांना सांग, भोकं चुकलीत."

सखुबाईला वाटलं, आपणच काहीतरी भलतं ऐकलं. "भोकं चुकलीत म्हणतोय," ती हळूच म्हणाली.

चिमाजीच्या बशीतला चहा हिंदकळला. "मोतीरामशेठची भोकं चुकली? आता गोदामाई उलटी वाहणार!"

सगळे हसले. मोतीरामचे कान तापले. "त्याला म्हणावं, कानशीनं वाढव थोडी."

"वाढवून बसत नाही, आई. एकही भोक जुळत नाही." राज घाईनं पुढं म्हणाला, "मी पत्रा घेऊन येऊ का, विचार. त्यांच्यासमोर मांडतो. त्यांनीच बघावं काय चुकलंय ते."

सखुबाईनं ते जसंच्या तसं सांगितलं. सांगताना तिची बोटं वायरीत गुंतली होती. नवऱ्याकडं बघायचं धाडस तिला होईना.

"एकही जुळत नाय?" मोतीराम उसळून उठला. "अरे, मी स्वतः पेन्सिल—"

वाक्य तिथंच तुटलं. तो तसाच उभा राहिला. गॅरेजात सगळे त्याच्याकडं बघत होते. त्यानं हात पॅंटला पुसले, दोनदा पुसले, आणि बायकोच्या हातातून रिसीव्हर घेतला. पलीकडं नुसता श्वास होता, त्याच्या ओळखीचा.

"राज," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "चुकलं माझं. ये."