व्हर्लीनचं खरं वय

विमा कंपनीने वयाचा दाखला मागितला, तेव्हा व्हर्लीनने एजंट डाल्टनसमोर आईचं बायबल उघडलं. पहिल्या पानावर आईने व्हर्लीनचं जन्मवर्ष लिहून ठेवलं होतं, अर्जातल्यापेक्षा चार वर्षं आधीचं. “लग्नाआधी हॉलिसला वय कमी सांगितलं, मग सगळीकडे तेच लिहीत गेले. नातीसाठी ठेवलेली पॉलिसी गेली ना रे?” डाल्टनने मक्याच्या पावाचा घास गिळला. “नाही, व्हर्लीनबाई. अलाबामाच्या कायद्यात याची सोय आहे. वय चुकलं तरी पॉलिसी बुडत नाही, खऱ्या वयाप्रमाणे रक्कम थोडी घटते. परवान्याच्या परीक्षेत माझा हाच प्रश्न चुकला होता, म्हणून पक्कं ठाऊक आहे.” तिचा जीव भांड्यात पडला. “फक्त हॉलिसला कळू देऊ नकोस.” ओसरीवरून नवऱ्याचा आवाज आला, “तुझ्या आईने तेव्हाच सांगितलं होतं. केकवर दरवर्षी खऱ्या वयाएवढ्याच मेणबत्त्या लावतो. तू कधी मोजल्याच नाहीस.”