पायातला कान

"चालू होतानाचा कोड नुसता आवरून घेतलाय, ताई. आता तो फाइलीत लिहिलेला पायाचा एकेक भाग मोठ्याने सांगून जोडतो," असं म्हणत दुरुस्तीवाल्या केतकीने वैजयंतीच्या कृत्रिम पायाचं बटण दाबलं.

"गुडघा," पाय बोलला. "घोटा. तळवा. कान."

केतकी चपापली. जुना कोड सगळं मुकाट्याने जोडायचा.

माहेरच्यांशी फोनवर झालेलं बोलणं नवऱ्याला, श्रीरंगला, न सांगता कसं कळतं, याचं वैजयंतीला कायम नवल वाटायचं. हा पाय श्रीरंगनेच हौसेने आणला होता. आत्ता तो रस्त्यापलीकडे चहा पीत होता.

केतकीकडे वाकून ती पुटपुटली, "पायाला कशाला हवा कान?"

लगेच तिचा फोन वाजला.

"अगं, काही नाही," श्रीरंग घाईघाईने म्हणाला, "फाइलीत चूक असेल त्यांच्या."