भिंतीवरचा ढोलवाला

ग्रुबानं भिंतीवर रंगवलेल्या शिंगवाल्याच्या डोळ्यात सुरीचं टोक फिरवलं आणि पात्यावरचा चुना फुंकून टाकला. मागं उभ्या बाया "बरं झालं मेल्याला" म्हणाल्या. आता पाळी ढोलवाल्याची. सगळ्यांच्या माना स्तोयनाकडं वळल्या, कारण दर वर्षी भांडण इथंच जुंपायचं.

येशूला क्रुसावर चढवल्याचा मोठा शुक्रवार होता. घंटा बंद, देवळाच्या दारात लाकडाची फळी ठोकत होते. आमच्याकडं या दिवशी बाया भिंतीवरच्या पाप्यांचे डोळे खरवडतात. मधे काट्यांचा मुकुट घातलेला येशू, भोवती शिंग, झांजा आणि ढोल वाजवत त्याची टवाळी करणारे. चितारी पाप्याला नेहमी बाजूनं काढतो, एकच डोळा देतो. तेवढाही त्याला ठेवायचा नाही, ही रीत. बाकीच्यांच्या डोळ्यांचे केव्हाच खड्डे झाले होते. एकट्या ढोलवाल्याचा डोळा शाबूत होता.

हा ढोलवाला म्हणजे स्तोयनाचा नवरा, ह्रेल्या. समुद्राकडून आलेल्या चिताऱ्यानं त्याला ग्रुबाच्याच लग्नात ढोल बडवताना पाहिलं आणि तोच चेहरा भिंतीवर उतरवला. ह्रेल्या पोट धरधरून हसला होता. म्हणे, "आम्हा वाजंत्र्यांना स्वर्गात कोण घेतंय? भिंतीवर तरी जागा मिळाली." पुढं राजाच्या फौजेनं त्याला ढोलासकट नेलं. परतलेले लोक म्हणाले, मारित्सा नदीवरच्या लढाईपर्यंत ढोल ऐकू येत होता. त्याला पडताना मात्र कुणी पाहिलं नाही.

म्हणून स्तोयनानं विधवेचा काळा रुमाल बांधला नाही, पांढराच ठेवला. मेलेल्यांच्या शनिवारी बाया कबरींवर शिजवलेले गहू नेत, एकमेकींच्या ताटातले खात, रडत, हसतही. ही घरीच. कुणाच्या नावानं शिजवणार? लग्नाला तिला बोलावत नसत, उगाच अपशकुन नको म्हणून. बाई अगदी एकटी पडली. चार शब्द बोलणं व्हायचं ते वर्षातून एकदा, या भिंतीपाशी, आणि तेही ग्रुबाशी.

ग्रुबाची जीभ म्हणजे कात्री. "काय गं, अजून वाट बघतेस? तिकडं दुसरी करून बसला असेल तुझा ढोल्या."

"बसू दे. आला की त्याचं मी बघेन. तू हात तर लावून बघ."

"देवाची टवाळी करतोय तो, दिसत नाही?"

"तुझ्या लग्नात वाजवत होता तेव्हा बरी नाचलीस, कंबर मोडेस्तोवर."

बाया तोंडाला रुमाल लावून हसायच्या, ग्रुबा शिव्या घालत मागं सरायची आणि डोळा वर्षभरासाठी वाचायचा. त्या रात्री स्तोयनाला गाढ झोप लागायची.

आजही ती ढोलवाल्याला पाठीशी घालून उभी राहिली. उत्तरं घरूनच जुळवून आणली होती. ग्रुबा जवळ आली. तिनं भिंतीकडं पाहिलं, मग स्तोयनाकडं. पांढऱ्या रुमालातून निसटलेले तिचे केस पार पिकले होते. ग्रुबानं सुरी खाली केली.

"राहू दे गं बायांनो त्याला," ती म्हणाली. मग स्तोयनाच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाली, "तू बस जरा. दमली असशील."

कुणी हसलं नाही. एकीनं तर दगडी कट्ट्यावर सरकून जागा करून दिली.

स्तोयना एकेकीच्या तोंडाकडं बघत राहिली. इतकी वर्षं यांनी टोमणे मारले, त्याचा तिला कधी घोर लागला नाही. टोमणे मारतात ते नवरा असलेल्या बाईला. असं हळू आवाजात बोलतात ते विधवेशी. म्हणजे या सगळ्यांना केव्हाचंच ठाऊक होतं. ती बसली नाही. तिनं हात पुढं केला.

"दे ती सुरी."

"अगं, नको म्हटलं ना? कुणी हात लावणार नाही त्याला."

"दे," स्तोयना म्हणाली. "नवऱ्याचे डोळे बायकोनं मिटायचे असतात."