सहावा आकडा

“काकांचं ईमेलचं खातं बंद करू ना, आप्पा?” लेकीने संगणकावरची नजर न काढता विचारलं.

आप्पांनी हातातलं भिंग उजेडात धरलं, फुंकर मारली, पुन्हा पुसलं. “विचारायचं काय त्यात? सोडून गेलेल्याचं कपाट किती दिवस अडवून ठेवायचं?”

दुकान मायक्रोस्कोप दुरुस्तीचं, आप्पा आणि काका या दोघा भावांनी मिळून काढलेलं. चार वर्षांपूर्वी एका कॉलेजच्या भिंगावर चरा पडला. तो कोणाच्या हातून, यावरून दोघांची जुंपली आणि काकांनी आपला हत्यारांचा डबा काखेत मारून घर गाठलं. जाताना सगळ्यांसमोर शपथा झाल्या. त्याच्याशी बोलणार नाही, त्याला एक ओळ पाठवणार नाही. दोघांची शपथ शब्दाला शब्द सारखी. भाऊच ते.

दुकानाच्या नावाचे ईमेल ज्या कंपनीकडे होते, ती आज संध्याकाळी सहाला ही सेवा गुंडाळणार होती. दोन महिने लेक आप्पांच्या मागे लागली होती, आणि दोन महिने आप्पांचं एकच पालुपद होतं, “जुन्याला काय धाड भरलीय?” शेवटी तिने स्वतःच नव्या कंपनीकडे खाती उघडली, आणि भौतिकशास्त्र शिकताना लागलेल्या सवयीने एक तक्ता केला: खात्याचं नाव, आतला मजकूर किती, शेवटचा वापर कधी. काकांच्या ओळीत तिने अंदाजाने शून्य लिहून ठेवलं होतं.

अंदाज चुकला. आलेली पत्रं नव्हती, पाठवलेलं एकही नव्हतं. पण मसुदे होते दोनशे तेरा. खातं आज सकाळी नऊ दहाला उघडलं होतं, मग नऊ चाळीसला. कालही तसंच. परवाही.

कोणी परका घुसला की काय, म्हणून ती दचकली. पण चोर इतका वक्तशीर नसतो. नऊ चाळीसला आप्पा आतल्या खोलीचं दार लोटून ‘पेपर वाचायला’ बसायचे.

तिने एक मसुदा उघडला.

“चाळीसपटीच्या भिंगाला बुरशी आहे स्पिरिट चालेल का”

खाली दुसऱ्या कुणीतरी, प्रत्येक शब्दाला जपून पूर्णविराम देत लिहिलं होतं. “नको. लेप जाईल. आणि मागच्या वेळी आतलं भिंग उलटं बसवलं होतंस. लहानपणापासून तेच.”

“उलटं नव्हतं”

“होतं.”

दोनशे तेरा मायक्रोस्कोप. लिहायचं, ठेवून द्यायचं, पाठवायचं मात्र नाही. दुसऱ्याने येऊन वाचायचं आणि खाली आपलं लिहायचं. पासवर्ड दोघांना ठाऊक असलेला, दोघांनी दुरुस्त केलेल्या पहिल्या मायक्रोस्कोपचा क्रमांक. शपथ जागच्या जागी शाबूत.

शेवटचा मसुदा कालचा होता, खालचं उत्तर आज सकाळचं.

“उद्या सहाला हे बंद होतंय पोरीला सांगवत नाही”

“ठीक. गुडघ्याला तेल लावत जा.”

तिने मान वर केली. समोर आप्पा तेच भिंग अजून पुसत होते. ते केव्हाच स्वच्छ झालं होतं.

मग तिने दोनशे तेरा मसुदे नव्या खात्यात हलवले. पासवर्ड जुनाच ठेवला. पण नव्या कंपनीचा एक नियम होता. नव्या जागी खातं पहिल्यांदा उघडताना नुसत्या पासवर्डाने भागत नाही. नोंदवलेल्या मोबाईलवर सहा आकडे येतात, ते दहा मिनिटांत भरावे लागतात. मोबाईलच्या रकान्यात तिने काकांचा नंबर टाकला. खोडला. आप्पांचा टाकला. आणि काकांना निरोप धाडला, ‘तुमचं खातं नव्या ठिकाणी आहे. उद्या नेहमीच्या वेळी उघडा. आकडे आप्पांच्या फोनवर येतील.’

दुसऱ्या दिवशी नऊ दहाला आप्पांचा फोन किणकिणला. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला.

“हे काय गं? त्याचं खातं? बंद करायला सांगितलं होतं ना मी?”

“सांगितलं होतंत.”

“मग हे आकडे त्याच्या फोनवर पाठव. माझ्याकडे कशाला?”

“आता बदलता येत नाही, आप्पा. पद्धतच तशी आहे.” मोजमापाशिवाय एक वाक्य न बोलणारी मुलगी बिनदिक्कत खोटं बोलली.

आप्पांनी तिच्याकडे नीट पाहिलं, भिंगाकडे पाहावं तसं. “वाचलंस?”

“थोडंसं. गुडघ्याला तेल लावलंत का?”

 आप्पा फोन समोर टेबलावर ठेवून बसले. पाच मिनिटं गेली. सात गेली. तिकडून फोन येईना. काका शपथेचे पक्के, आणि आप्पा त्यांचेच थोरले भाऊ. ती घड्याळाकडे बघत होती. दहा मिनिटं सरली की आकडे मेले, आणि तिचा सगळा बेत त्यांच्याबरोबर.

आठव्या मिनिटाला आप्पांनी स्वतःच नंबर फिरवला. तो फोनमध्ये साठवलेला नव्हता. पाठ होता.

“लिहून घे,” ते खेकसले. पलीकडे इतकी शांतता होती, की कागद शोधल्याची खसफस तिला इथे ऐकू आली. “चार. शून्य. सात. सात. एक.”

आप्पा थांबले.

“आणि पुढचा, दादा?”

दोन मिनिटं उरली होती. काकांच्या घरून दुकानात चालत यायला वीस लागतात.

“सहावा,” आप्पा म्हणाले, “इथे येऊन घे.”